जुनी मोटार सुरू का होत नाही? : दोषनिदानाची पद्धत

'गाडी सुरू होत नाही' एवढेच सांगून वाहनधारक मिस्त्रीला बोलावून आणतो, तेव्हा त्याने रोग सांगितलेला नसतो, केवळ 'बरे वाटत नाही' एवढेच सांगितलेले असते. ही तक्रार ऐकावयास एकच वाटते. परंतु तिच्या मुळाशी विजेचा, पेट्रोलचा किंवा यंत्राच्या अंतर्भागाचा दोष असू शकतो. क्वचित तो एका ढिल्या तारेपुरताच असतो. कोणता दोष आहे हे न ठरवता सुटे भाग बदलत जाण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. आज प्लग बदलले, उद्या कॉइल बदलली, परवा बॅटरी बदलली आणि चौथ्या दिवशी असे आढळले की, इंजिनास जाणारी अर्थची पट्टी गंजली होती. यात पैसा जातोच. शिवाय ज्या गाडीचे उत्पादन कधीच थांबले आहे तिचा मूळचा, चांगला सुटा भाग काढून टाकला जातो आणि त्याच्या जागी हलक्या दर्जाचा नवा भाग येतो. हे दुसरे नुकसान सहसा भरून निघत नाही.

या लेखातील विवेचनासाठी प्रीमियर पद्मिनी ही गाडी नजरेसमोर ठेवली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या नमुन्यावरून ही गाडी तयार होत असे. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ पासून मिळाले. पण महाराष्ट्रातील घराघरांत ती शेवटपर्यंत 'फियाट' म्हणूनच ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की हीच गाडी डोळ्यांपुढे येत असे. टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबर महिन्यात ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची सेवा संपली. खाजगी मालकीच्या पद्मिनी मात्र अद्याप अनेकांनी जतन केल्या आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकृत करता येते आणि पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत. तेव्हा गाडी जतन करण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडचण येते ती जाणकारांच्या तुटवड्याची. संगणकाच्या साहाय्याने दोष शोधणाऱ्या आजच्या कार्यशाळेत पद्मिनी नेली, तर यंत्र जोडावयास तिच्यात जागाच नसते. कान, नाक, डोळे, एक लहान दिवा आणि थोडी तर्कबुद्धी ही येथील साधने होत.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटीमीटर क्षमतेचे आणि चार सिलिंडरचे आहे. ते सुरू होण्यास चार गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण आले पाहिजे, ते मिश्रण नीट दाबले गेले पाहिजे आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. यांपैकी एकही नसेल, तर उरलेल्या तीन असून उपयोग नाही. म्हणून निदानाचे सारे कौशल्य या चारांपैकी कोणती गोष्ट अनुपस्थित आहे हे कोणताही भाग न उघडता ओळखण्यात आहे. याच जातीच्या अन्य गाड्यांना, म्हणजे अॅम्बॅसेडर, स्टँडर्ड किंवा कार्ब्युरेटर असलेली जुनी मारुती ८०० यांनाही पुढील विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडेल.

काम सुरू करण्यापूर्वी

हातब्रेक ओढावा, गियर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी आणि पदर, ओढणी, गळ्यातील मफलर किंवा सदऱ्याची सैल बाही पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावी. या गाडीत गियरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर असल्याने नवख्या माणसाची न्यूट्रलबाबत हमखास फसगत होते. आसपास कोणी विडी ओढीत असेल, तर त्याला दूर जावयास सांगण्यात संकोच करू नये. पेट्रोलची तपासणी आणि ठिणगीची तपासणी एकाच वेळी कधीही करू नये. उघड्या कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती तर सर्वथा त्याज्य होय. इंजिनाने उलटी ठिणगी मारली की ज्वाळा त्याच तोंडातून बाहेर येते आणि बाटली धरलेला हात तेथेच असतो. गाडीच्या दुरुस्तीत हात आणि चेहरा भाजल्याची उदाहरणे ज्या घरांना ठाऊक आहेत, त्यांना याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही.

इंजिन फिरते की नाही?

पहिला प्रश्न हाच. किल्ली फिरविली असता इंजिन मुळीच फिरत नाही, मंद फिरते, की नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नाही? या तीन तक्रारींची कारणे परस्परांहून निराळी आहेत. इंजिन फिरतच नसेल, तर प्लग व कार्ब्युरेटर यांना हात लावण्याचे प्रयोजन उरत नाही. आणि ते झपाट्याने फिरत असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

इंजिन फिरत नसेल तेव्हा पुढचे दिवे लावावेत आणि दुसऱ्या माणसाला त्यांच्याकडे पाहावयास सांगून स्टार्टर, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत 'सेल्फ', मारावा. दिवे मुळातच मिणमिणते असतील, तर बॅटरी उतरलेली आहे. दिवे चांगले असून सेल्फ मारताच एकदम विझत असतील, तर बॅटरीच्या टोकांपाशी जोडणी सैल किंवा गंजलेली असण्याचा संभव फार मोठा. या टोकांवर जो पांढरा-हिरवट क्षार जमतो तो विजेला अडवितो. दिव्यांना लागणारा थोडा प्रवाह त्यातून पार होतो, परंतु सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह होत नाही. खाण्याच्या सोड्याचे कोमट पाणी ओतून टोके धुवावीत, सोड्याचे पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी, टोके खरवडून घट्ट आवळावीत आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. दिवे मंद होऊन आतून 'टक्' एवढाच आवाज येत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फचे दाते चक्राच्या दात्यांत अडकून बसले आहेत. दाते अडकले असल्यास किल्ली बंद करून, गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून मागे-पुढे हलविली की ते पुष्कळदा सुटतात. आणि दिवे जराही मंद न होता सेल्फ गप्प राहत असेल, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. किल्लीचा स्विच, सोलेनॉइड व त्यांना जोडणारी तार पाहावी.

बॅटरीची खरी स्थिती मीटरने कळते. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण भारित बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. १२ व्होल्टपर्यंत उतरलेली बॅटरी 'बारा व्होल्टची' असली तरी जवळजवळ रिकामी होय. सेल्फ फिरत असताना हा दाब साडेनऊ व्होल्टच्या फारसा खाली जाऊ नये. याच तपासणीतून एका चमत्कारिक तक्रारीचाही उलगडा होतो. काही गाड्या सेल्फ मारीत असेपर्यंत दाद देत नाहीत आणि किल्ली सोडताक्षणी एकदा 'फट्' करून पेट घेऊ पाहतात. अशा वेळी सेल्फ एवढी वीज ओढून घेतो की कॉइलला पुरेशी उरत नाही. किल्ली सोडली की कॉइलला वीज मिळते, इंजिन त्या अवधीत अजून फिरतच असते आणि एखादी ठिणगी पडते. अशी गाडी धक्का मारून दुसऱ्या गियरवर चटकन सुरू झाली, तर दोष प्रज्वलनात नसून बॅटरीत किंवा सेल्फमध्ये आहे हे जवळजवळ निश्चित झाले. उतारावर उभी केलेली जुनी गाडी ढकलून सुरू करणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय झाला असला, तरी निदानाचे साधन म्हणून धक्क्याची योग्यता मोठी आहे.

अर्थच्या पट्टीचा उल्लेख आरंभी केलाच आहे. इंजिन रबरी आधारांवर बसविलेले असते. म्हणून गाडीच्या सांगाड्यापासून इंजिनापर्यंत तांब्याची विणलेली पट्टी जोडलेली असते. बॅटरीतून निघालेली वीज परत जाण्याचा मार्ग हाच. पट्टी तुटकी असेल, तर वीज चोक किंवा अॅक्सिलरेटर यांच्या तारेतून वाट काढते आणि ती तार तापते, कधी धूरही निघतो. चोकची तार विनाकारण गरम लागल्यास प्रथम ही पट्टी पाहावी.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यावयाची झाल्यास धन टोक धन टोकासच जोडावे आणि ऋण तारेचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न जोडता इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, जोडावे. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडतेच. ती बॅटरीपाशी पडू नये एवढाच यातील हेतू.

ठिणगीचा शोध

इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर पेट्रोलकडे वळण्यापूर्वी ठिणगी पाहावी. जुन्या गाड्यांत, विशेषतः पावसाळ्यात, दोषाचे मूळ येथेच असण्याचा संभव अधिक असतो आणि तपासणीही दोन मिनिटांची आहे.

आपले मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. हा शब्द कोठून आला याची अनेकांना कल्पना नसते. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये डेटन गावी जी प्रयोगशाळा-कंपनी काढली तिच्या नावातील आद्याक्षरांचा हा जोडशब्द आहे. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांवर आधारलेली प्रज्वलनाची पद्धत त्यांनीच रूढ केली आणि मोटारीचा विजेचा सेल्फही १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांनीच प्रथम बसविला. म्हणजे कुर्ल्याच्या गल्लीतील मिस्त्री 'डेल्को खोल' असे म्हणतो, तेव्हा एका परीने तो या यंत्राचा इतिहासच सांगत असतो.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक जाड व थोड्या फेऱ्यांचा, दुसरा बारीक व हजारो फेऱ्यांचा. डेल्कोमधील सीबी पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह जाड वेढ्यातून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते आणि बारीक वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तो दाब डेल्कोच्या झाकणातून, फिरत्या रोटरवरून, ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे जातो. या इंजिनात ही पाळी १, ३, ४, २ अशी आहे. प्रवाह तुटणे जितके झटकन होईल तितकी ठिणगी जोरदार. ते झटकन व्हावे आणि पॉइंटवरच ठिणग्या उडून ते जळू नयेत यासाठी त्यांच्या जोडीला कंडेन्सर असतो.

तपासणी अशी करावी. कॉइलकडून डेल्कोच्या झाकणाच्या मध्यभागी येणारी जाड तार उपसून घ्यावी, तिचे टोक कोरड्या लाकडी चिमट्याने इंजिनाच्या लोखंडापासून सुमारे अर्धा सेंटीमीटर अंतरावर धरावे आणि दुसऱ्या माणसास सेल्फ मारावयास सांगावे. कडकड आवाज करणारी निळसर ठिणगी पडली, तर कॉइल, पॉइंट व कंडेन्सर या तिघांची एकदम मुक्तता झाली. ठिणगी पिवळट व मरतुकडी असेल, तर कंडेन्सर किंवा जळालेले पॉइंट यांवर संशय घ्यावा. मुळीच पडत नसेल, तर पुढील पायरी गाठावी.

पुढच्या पायरीस लागतो तो कमी वॉटचा बारा व्होल्टचा एक दिवा आणि दोन तारा. दिव्याची एक तार इंजिनाच्या लोखंडास आणि दुसरी कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या लहान टोकास लावावी. किल्ली उघडून सेल्फ मारावा. आता दिवा काय सांगतो ते पाहा. पॉइंट मिटले असता प्रवाहास पॉइंटमधून सरळ वाट मिळते, म्हणून दिवा विझतो. पॉइंट उघडले की तोच प्रवाह दिव्याकडे वळतो. म्हणून दिवा उघडझाप करीत असेल, तर पॉइंट आपले काम करीत आहेत आणि दोष कॉइलच्या बारीक वेढ्यात किंवा कंडेन्सरमध्ये आहे. दिवा सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, अथवा मिटूनही त्यांच्यावरील काजळी वा तेल प्रवाह जाऊ देत नाही. दिवा कधीच लागला नाही, तर तीन शक्यता उरतात : कॉइलपर्यंत वीज येतच नाही, कॉइलचा जाड वेढा तुटला आहे, किंवा पॉइंटची बाजू कोठेतरी कायमची लोखंडास टेकली आहे. कॉइलच्या किल्लीकडील टोकास दिवा लावून पहिली शक्यता तपासावी. तेथे दिवा लागला, तर डेल्कोकडे जाणारी बारीक तार कॉइलवरून सोडवून मूळ टोकास पुन्हा दिवा लावावा. आता लागला, तर कॉइल निर्दोष असून दोष डेल्कोच्या आत आहे, उदाहरणार्थ, फुटलेला कंडेन्सर किंवा आवरण गेलेली तार. तरीही लागला नाही, तर कॉइल गेली. पन्नास पैशांच्या दिव्याने होणारे हे काम आजही तितकेच विश्वासार्ह आहे. फक्त तो दिवा आता पन्नास पैशांत मिळत नाही.

पॉइंट उघडून पाहिले असता एकावर टेकाड व दुसऱ्यावर खड्डा आढळतो. थोडे असल्यास बारीक पॉलिश कागदाने साफ करावे, कागदाचा कण आत राहू देऊ नये आणि मधले अंतर फीलर गेजने लावावे. पॉइंट सर्वांत जास्त उघडे असतील तेव्हा हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असावे. गेज नसल्यास ब्लेडच्या पानावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर भागविणारे मिस्त्री पुष्कळ भेटतात. वाटेत अडकलेल्या माणसाने तसे करावे, घरी पोहोचल्यावर मात्र गेज आणावा. पॉइंटची झीज मुख्यतः त्यांच्या फायबरच्या टाचेची असते. टाच झिजली की अंतर हळूहळू कमी होत जाते आणि एखाद्या दमट सकाळी गाडी 'अचानक' बंद पडते. खरे पाहता ती कित्येक महिने तिकडेच चालली होती.

कॉइलच्या तारेवर ठिणगी उत्तम आहे, पण प्लगच्या तारेवर नाही, असे आढळल्यास दोष या दोहोंच्या मधल्या भागात असणार. डेल्कोचे बेकेलाइटचे झाकण काढून उन्हात आतून पाहावे. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पितळी टोकाकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसली, तर तीच चोरवाट होय. वीज प्लगकडे न जाता या रेघेवरून निघून जाते. असे झाकण बदलणेच इष्ट. मधला कार्बनचा ठोकळा आपल्या स्प्रिंगवर नीट खालीवर होतो का, रोटरला तडा गेला आहे का, हेही पाहावे. कोकणात व मुंबईत आषाढ-श्रावणात झाकणाच्या आत दव धरते. रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी सकाळी दाद देत नाही त्याचे हेच एक कारण असते. झाकण, रोटर व प्लगच्या तारा कोरड्या सुती फडक्याने पुसल्या की काम भागते. झाकण शेगडीवर धरून वाळविण्याचा मोह आवरावा, ते तडकते. ओल्या तारांची आणखी एक खूण आहे. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला असता तारांवर निळसर चमचम दिसते. वीज कोठून गळते हे शोधण्याचा इतका सोपा दुसरा उपाय नाही.

शेवटी प्लग. तो काढून त्याच्या टोकाकडे पाहावे. पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येते आहे पण ठिणगी नाही, किंवा पेट्रोल गरजेहून जास्त आले आहे. इतका वेळ सेल्फ मारूनही तो ठणठणीत कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही. मऊ काजळी हे अतिसमृद्ध मिश्रणाचे चिन्ह आणि चिकट काळे तेल हे रिंगा झिजल्याचे.

पेट्रोल आणि हवा

टाकीत पेट्रोल आहे का, हा प्रश्न विचारण्याची लाज बाळगू नये. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा फार भरवशाचा नसतो. स्वच्छ काठी टाकून पाहणे उत्तम.

त्यानंतर ठिणगीची तार काढून ठेवावी, एअर क्लीनर उतरवावा आणि कार्ब्युरेटरच्या घशात पाहत अॅक्सिलरेटरची कडी हाताने एकदा झटकन फिरवावी. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल आहे. उडाली नाही, तर कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरावे व सेल्फ मारावा. जोरदार ठोके पडत पेट्रोल येत असेल, तर अडथळा कार्ब्युरेटरमध्ये आहे : जाळी तुंबली, सुई चिकटली किंवा जेटमध्ये कचरा अडकला. पेट्रोल येत नसेल, तर पंप, त्याचा पडदा, टाकीकडील नळी किंवा टाकीचे झाकण. या पंपाला गॅरेजमध्ये 'एसी पंप' म्हणतात, त्याचा वातानुकूलनाशी काही संबंध नाही. ही आद्याक्षरे प्लग बनविणाऱ्या आल्बर्ट चँपियन यांच्या नावाची होत. टाकीच्या झाकणास हवेसाठी छिद्र असते. ते धुळीने बुजले की पेट्रोल ओढले जाते पण हवा आत येत नाही, टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही वेळाने पंप हरतो. झाकण उघडताच 'फुस्' असा आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर निदान पूर्ण झाले.

दोन-तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीच्या फ्लोटमधील पेट्रोल उडून जाते. अशी गाडी पहिल्या सेल्फला सुरू न झाली म्हणून घाबरू नये. सेल्फ दहा सेकंदांहून अधिक न मारता, मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा देत तीन-चार वेळा मारला की भांडे भरते.

उलट तक्रार पेट्रोल जास्त झाल्याची. नाकास वास येतो, प्लग ओले असतात. बहुतेक वेळा चालकाने घाईघाईने अॅक्सिलरेटर पुनःपुन्हा दाबलेला असतो. प्रत्येक दाबाबरोबर एक पिचकारी आत जाते. चोक पूर्ण आत ढकलावा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा, मुळीच हलवू नये, आणि सेल्फ मारावा. भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल निघून जाते. चोकविषयी एवढेच सांगणे पुरे की, महाबळेश्वरच्या पौषातील पहाटेस जो चोक लागतो तो रत्नागिरीच्या वैशाखात लागत नाही.

या प्रकरणात खरी परीक्षा पाहणारी तक्रार निराळीच आहे. गाडी सकाळी चटकन सुरू होते, बाजारापर्यंत उत्तम चालते. तेथे दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू होत नाही, आणि तासाभराने जणू काही झालेच नव्हते अशी चालू लागते. मिस्त्री येईपर्यंत ती निर्दोष झालेली असते! या तक्रारीस तीन कारणे असू शकतात. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता वर चढते, नळीतील व पंपातील पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ढकलीत बसतो. किंवा त्याच उष्णतेने फ्लोटमधील पेट्रोल उकळून कार्ब्युरेटरच्या घशात सांडते. किंवा कॉइल तापली की तिच्या आतील तुटकी तार विलग होते व थंड झाल्यावर पुन्हा टेकते. तिन्हींचे बाह्य लक्षण एकच. तेव्हा तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच करावयास हवी, नंतर नव्हे. त्या क्षणी ठिणगी पाहावी. नसेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर. असेल, तर घशात डोकवावे. पेट्रोलचा वास व ओल दिसली, तर अॅक्सिलरेटर तळाशी धरून सेल्फ मारावा. कोरडे असेल व पिचकारी उडत नसेल, तर वाफ अडली आहे. पंपावर व नळीवर ओले फडके गुंडाळावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि पंपावर ओले फडके हे दृश्य एके काळी नित्याचे होते.

आजच्या पेट्रोलमुळे या जुन्या दोषांत भर पडली आहे, हेही नमूद करावयास हवे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आपल्या देशात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि २०२५ पर्यंत सर्वत्र पसरले. परकी चलन वाचविणे आणि उसाला जोड बाजारपेठ मिळणे या दृष्टींनी या धोरणाचे महत्त्व मोठे आहे. परंतु पद्मिनीची रचना झाली तेव्हा या मिश्रणाचा विचार झालेला नव्हता. इथेनॉल जुन्या जातीचे रबर फुगविते व मऊ करते. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या प्रथम जातात. ते हवेतील पाणी शोषून घेते आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यास पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊन बसतात; पंप नेमके तळाचेच ओढतो. टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे बसलेला मळही त्याने सुटतो व जाळीत येतो. म्हणून नळ्या व पडदा नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवावेत, नळीत एक पारदर्शक फिल्टर घालावा आणि गाडी फार काळ उभी ठेवू नये. महिन्यातून दोनदा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी हा उत्तम उपाय.

ठिणगी आहे, पेट्रोलही आहे

तरीही इंजिन दाद देत नसेल, तर दाब किंवा वेळ यांत दोष आहे. डेल्कोचे झाकण काढून सेल्फ मारावा. रोटर फिरत नसेल, तर टायमिंगची साखळी किंवा डेल्कोचा दंड तुटला आहे. सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे. रोटर फिरत असूनही कार्ब्युरेटरमधून फटाके वाजत असतील, तर डेल्को आपल्या जागेवरून सरकला असेल किंवा कोणी प्लगच्या तारा काढून अदलाबदल करून लावल्या असतील. दुसरी शक्यता वाटते त्याहून पुष्कळ अधिक आढळते, विशेषतः गाडी नुकतीच कोणाच्या तरी हाताखालून गेली असेल तेव्हा.

दाब मोजण्याचा गेज कोणत्याही बऱ्या गॅरेजात असतो. चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यावा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आहे हे अधिक महत्त्वाचे. एखादा इतरांहून बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजविली. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. प्रथम टॅपेटचे अंतर पाहावे, कारण अतिशय कमी अंतरामुळेही व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि ते दुरुस्त करण्यास हेड उतरवावे लागत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट जळाली असावी. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे किंवा तेलात दुधाळ फेस दिसतो का ते पाहावे.

येथवर आलेल्या मालकाने मिस्त्रीकडे जाताना एक चिठ्ठी न्यावी. इंजिन फिरते किंवा नाही, कॉइलच्या तारेवर ठिणगी आहे किंवा नाही, प्लग ओले होते की कोरडे, दोष थंड असता होतो की तापल्यावर, चार सिलिंडरांचे दाब किती आणि शेवटचे काम कोणते व केव्हा झाले, एवढे तीत लिहावे. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा आणि त्यावर दिनांक घालून डब्यात ठेवावा.